सुरांच्या खात्यावर सही कोणाची?

शब्दांना अर्थ नसला म्हणून गाणे अडत नाही, हे तराणा ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच लिसा जेरार्ड या ऑस्ट्रेलियन गायिकेचे गाणे मला कधी परके वाटले नाही. १९६१ साली मेलबर्नमध्ये, आयर्लंडहून आलेल्या कुटुंबात ती जन्मली. कुठल्याही शब्दकोशात न सापडणाऱ्या, स्वतः घडवलेल्या बोलीत ती लहानपणापासून गात आली आहे.

१९८१ मध्ये ब्रेंडन पेरीबरोबर तिने 'डेड कॅन डान्स' सुरू केले. '४एडी' या छोट्या, स्वतंत्र कंपनीने १९८४ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. बड्या कंपनीचा वरदहस्त नाही, गाण्याला अर्थ नाही, तरी श्रोते मिळत गेले. १९९८ मध्ये जोडी फुटली, पुढे पुन्हा जुळलीही. मधल्या काळात ती इतरांच्या संगीतात आपला आवाज मिसळू लागली. १९९९ च्या 'द इन्सायडर'साठी पीटर बर्कबरोबर आणि २००० च्या 'ग्लॅडिएटर'साठी हान्स झिमरबरोबर तिने काम केले.

'ग्लॅडिएटर'च्या संगीतासाठी २००१ मध्ये गोल्डन ग्लोब मिळाले ते झिमर आणि जेरार्ड या दोघांना. त्याच वर्षी त्याच संगीताला ऑस्करचे नामांकन मिळाले, ते मात्र एकट्या झिमरच्या नावावर! बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे चमत्कारिक वाटते. एकच खाते, एका वहीत संयुक्त, दुसरीत एकाचे.

कोणी म्हणेल, संगीतकाराने बांधलेली चाल गाणारा संगीतकार कसा? बरोबर आहे. पण जिथे शब्दही गायिकेचे आणि सूरही तिनेच शोधलेले, तिथे ती केवळ आवाज उसना देत नाही. अर्धे भांडवल घालते. मग नफ्याच्या पानावर तिचे नाव नको?

आपल्याकडे हे घडले नाही असे नाही. 'महल' १९४९ चा. 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून छापले गेले 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव! गाणाऱ्या होत्या लताबाई. पुढे नावासाठी आणि मानधनातल्या वाट्यासाठी त्या भांडल्या, तेव्हा अनेकांना तो हट्ट वाटला. मला तो चोख हिशेब वाटतो.

आज घरोघरी मुले-मुली कोणाच्या ना कोणाच्या ध्वनिमुद्रणात गातात. पाकीट हाती पडले की आईवडील धन्य होतात. त्यांना एवढेच सांगणे आहे, की पाकिटातल्या नोटा जरूर मोजा, पण त्याआधी कागद वाचा. नाव कुठे, कसे आणि कोणाबरोबर छापले जाणार, ते त्यात लिहून घ्या. पैसे महिन्यात संपतात. गाणे टिकले, तर त्यावरचे नाव नातवंडेही वाचतील.