सीमेवर चालतो, लग्नाला चालत नाही!

मित्रहो, परवा जुईनगर स्टेशनबाहेर चहा पिताना आमच्यात जोरदार वाद झाला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "ज्याने दुसऱ्या देशाच्या सैन्यात बंदूक उचलली, त्याला भारताने ओसीआय कार्ड का द्यावे?" प्रश्न रोखठोक आहे. उत्तरही तसेच देतो.

आधी कायदा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि परदेशी सैन्यातल्या आजी-माजी सैनिकांना नियमाने तेही मिळत नाही.

याची झळ आपल्याच रायगडच्या बेने इस्रायली मराठी माणसांना बसली. तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. १९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले. तिथे अठराव्या वर्षी सैन्यसेवा सक्तीची. म्हणजे सक्ती तिथल्या सरकारची आणि शिक्षा इथल्या सरकारची! जुलै २०१७ मध्ये तेल अवीवला पंतप्रधानांनी अशांनाही कार्ड देण्याची घोषणा केली. योग्यच केले. पण तत्त्व एका देशापुरते नसते. इस्रायल असो, सिंगापूर असो की दक्षिण कोरिया, सक्ती ती सक्तीच.

आता खरा मुद्दा. सैन्यात गेल्याने माणसाला बरोबरी मिळते का? याच बेने इस्रायलींची मुले इस्रायलच्या सैन्यात असताना तिथल्या धर्मपीठाने लग्नासाठी त्यांच्या वंशाची चौकशी लावली. १९६४ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर बसून त्यांना बरोबरीचा दर्जा मिळवावा लागला. सीमेवर चालतात, लग्नाला चालत नाहीत! ही भाषा आपल्याला नवी आहे का? पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहावा लागला. रक्त चालले, जात आडवी आली.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. गणवेशावरून कुणाची निष्ठा मोजू नका आणि कुणाचे हक्क तोलू नका. बाबासाहेबांच्या संविधानाने मताचा अधिकार दिला तो माणूस म्हणून; कुणाच्या खांद्यावर बंदूक आहे का, हे विचारून नव्हे.

जय भीम!