नळाचे मोल तराजूत

आपल्या स्मरणिकेत व्यापार, कर, शिक्षण अशा भारदस्त विषयांवर लेख येतात. त्या पंक्तीत न्हाणीघरातील नळाला पाट मांडल्याबद्दल काही वाचक हसतील. परंतु आपल्या कित्येक सभासदांनी घर बांधताना फरशीच्या रंगावर महिनोन्‌महिने खल केल्याचे, आणि नळ मात्र वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी, उरल्यासुरल्या पैशांत, अर्ध्या तासात घेऊन टाकल्याचे मी पाहिले आहे. मीही त्यांतलाच एक.

बेळगावातील आमचे जुने घर आम्ही नव्याने बांधले, तेव्हा काचेच्या कपाटात दिव्याखाली लखलखणारे नळ पाहून मी भुललो. गरम व थंड पाणी एकत्र करणारा भिंतीतला संचही तिथेच घेतला. चौथ्या पावसाळ्यानंतर न्हाणीघराच्या पलीकडील भिंतीला ओल दिसू लागली. पाऊस झिरपत असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. त्या भिंतीला लागून वडिलांच्या हातच्या चोपड्यांचे कपाट होते. कपाट हलवले तेव्हा खालच्या कप्प्यातील दोन चोपड्यांचा लगदा झालेला होता. फरशा फोडून मिस्त्रीने संचाचा तुटलेला भाग बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पांढरट भुकटीने तो खाल्ला गेला होता, आणि हाताला फारच हलका लागत होता.

धान्याच्या पेढीवर ज्याचा जन्म गेला, पोते उचलताच ज्याला वजनातली खोट कळते, त्याला नळ घेताना तो हातात तोलून पाहण्याची बुद्धी होऊ नये, ही गोष्ट मला अजून बोचते.

चांगला नळ पितळेचा, म्हणजे तांबे व जस्त यांच्या मिश्रणाचा असतो. स्वस्त नळांत पुष्कळदा जस्तप्रधान मिश्रधातू ओतलेला असतो. वरून दोहोंनाही निकेल व क्रोमियमचा मुलामा, त्यामुळे चेहरा एकच. घन सेंटिमीटरमागे पितळ सुमारे साडेआठ ग्रॅम भरते, तर तो मिश्रधातू पावणेसातच्या आत राहतो. पितळेतही अंग पातळ ठेवून धातू वाचवणारे कारखानदार आहेतच. म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत नुसते ‘पितळी नळ’ लिहून भागवलेले नाही. १५ मिलिमीटरचा लाँग बॉडी नळ ६९० ग्रॅमहून कमी नसावा, लाँग नोज नळ ८१० ग्रॅमहून कमी नसावा, अशी वजनाची अट तिच्यात घातलेली आढळते. सरकारी खाते नळ तोलून घेते आणि आपण व्यापारी तो चमक पाहून घेतो!

लोहचुंबकाने परीक्षा होते असे काहीजण सांगतात. चुंबक चिकटला तर लोखंड आहे एवढेच कळते. जस्तालाही तो चिकटत नाही, तेव्हा या परीक्षेवर विसंबू नये. त्यापेक्षा नळाच्या मागच्या तोंडातून आत पाहावे. आट्यांवर मुलामा नसेल तिथे पिवळा धातू दिसला पाहिजे. राखी-पांढरा दिसल्यास नळ खाली ठेवावा. शिवाय मानकाची खूण पाहावी. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेची जागा १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने घेतली, तरी बाजारात अजून ‘आय.एस.आय. मार्का’ हाच शब्द चालतो. प्लास्टिकच्या नळाला मी नावे ठेवीत नाही. परसातल्या हौदाला तो पुरतो आणि गंजतही नाही. प्लास्टिक म्हणून विकलेले प्लास्टिक ही सचोटीच होय.

आता आतल्या यंत्राविषयी. फिरकीच्या नळात रबरी वायसर असतो. तो झिजतो, पण पाच-दहा रुपयांत घरचा मुलगाही बदलू शकतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात चिनी मातीसारख्या, परंतु अतिशय कठीण अशा दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. (आजीच्या तांब्याच्या बंबाची तोटीही पाव फेऱ्यातच मिटत असे आणि तिच्यात वायसर नव्हता. नवलाई म्हणून आपण जे घेतो त्यातले थोडे घरात होतेच.) या चकत्या वर्षानुवर्षे टिकतात. त्यांचा वैरी म्हणजे वाळूचा कण. म्हणून नव्या घरात नळ बसवण्यापूर्वी सारे पाइप पाणी सोडून धुऊन घ्यावेत. जिथे पाणी दिवसाआड येते, तिथे पहिल्या धारेबरोबर गाळ येतोच. अशा ठिकाणी टाकीच्या तोंडाशी जाळी हवी. आणि दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: हे आतले कार्ट्रिज सुटे मिळते काय? ‘पूर्ण नळच बदला’ असे उत्तर आले तर दुसरे दुकान गाठावे.

काटकसर करायचीच झाली तर भिंतीबाहेरच्या नळात करा. तो बिघडला तर पाना लावून तासाभरात बदलता येतो. भिंतीत गाडलेल्या भागासाठी मात्र फरशी फुटते, तशीच फरशी पुन्हा मिळत नाही, आणि पलीकडच्या खोलीत काय भिजेल ते सांगता येत नाही. मी नेमके याच्या उलट केले होते.

गृहिणींसाठी दोन शब्द. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग जावेत म्हणून संडास धुण्याचे ॲसिड नळावर ओतले जाते. त्याने डागाबरोबर मुलामाही जातो. राख आणि विटेची भुकटी पितळी भांड्यांना ठीक, मुलाम्याला ती ओरखडते. लिंबाच्या रसाचे फडके थोडा वेळ ठेवून लगेच पाण्याने पुसावे. आपल्याकडे पाणी गाळून घेण्याचा परिपाठ आहे. पाणी भरायच्या नळाला तोंडाशी कड असावी. गुळगुळीत तोंडावर बांधलेले फडके जोराच्या धारेने निसटते आणि न गाळलेले पाणी भांड्यात पडते, हा आमच्या घरचा अनुभव.

थेंबांचाही हिशोब करून पाहिला. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांवर पाणी रोज जाते, वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक. राकसकोप व हिडकलच्या पाण्यावर जगणाऱ्या आमच्या शहरात उन्हाळ्यातल्या टँकरची वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा आकडा लहान वाटणार नाही.

आपल्या सभासदांपैकी काहींची बांधकाम-साहित्याची दुकाने आहेत. त्यांना माझी विनंती आहे की काचेच्या कपाटाशेजारी एक वजनकाटा मांडून ठेवावा, आणि प्रत्येक नमुन्याचा एक नळ खोलून गिऱ्हाइकाला आतून दाखवावा. भारी नळ महाग पडतो म्हणून गिऱ्हाईक बिचकते, हे मी जाणतो. पण ते कशाचे पैसे देत आहे हे त्याला कोणी दाखवतच नाही.

दिवाळीनंतर आमच्या वरच्या मजल्याचे काम निघायचे आहे. नळांची यादी या खेपेस सौभाग्यवतींनी केली आहे. तिच्यात रंगाचा रकाना नाही, वजनाचा आहे. चोपड्यांचे कपाट तेवढे आम्ही आतल्या, कोरड्या भिंतीला नेले आहे.