पोवळ्याचा रंग आणि घरातला दिवा



ओढणीचे कापड दुकानातल्या दिव्याखाली पसंत करायचे नाही, दाराशी उजेडात नेऊन पाहायचे, ही आमच्या अम्मीची शिस्त होती. दुकानदार कुरकुरायचा, अम्मी ऐकायची नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अबू धाबीला आपाच्या घरी उतरलो, तेव्हा हे सारखे आठवत होते. निमित्त मात्र कापडाचे नव्हते, काचेच्या टाकीचे होते.

दुल्हेभाईंना दोन वर्षांपासून खाऱ्या पाण्याच्या टाकीचा नाद लागला आहे. मासे त्यात चार-पाचच. खरा थाट जिवंत प्रवाळांचा, म्हणजे आपण ज्याला पोवळे म्हणतो त्याच्या भाऊबंदांचा. दुकानात निळ्या दिव्याखाली त्यांनी एक फांद्याफांद्यांचे प्रवाळ पाहिले. हिरवेगार, टोकांना जांभळी झाक. किंमत आपाला अजून खरी सांगितलेली नाही. घरी आणल्यावर दोन-अडीच महिन्यांत ते चहाच्या रंगाचे झाले. आमचा भाचा पंधरा वर्षांचा. त्याला वाटले, उजेड कमी पडतो आहे. अब्बू ड्यूटीवर गेलेले असताना त्याने दिवा एकदम पूर्ण क्षमतेवर नेला आणि वर तासही वाढवले. आम्ही पोहोचलो तेव्हा प्रवाळ पांढरे पडले होते आणि बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. दस्तरखानावर एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायचे काम आपाकडे होते.

आमचा पेशा मास्तरकीचा. कोण चुकले हे ठरवण्याआधी काय घडले ते तरी समजून घेऊ, असे म्हणून भाच्याला घेऊन टाकीसमोर बसलो.

प्रवाळ हे झाडही नव्हे आणि दगडही नव्हे. ते प्राण्यांचे कुटुंब आहे. बारीक बारीक जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. त्यांच्या पारदर्शक मांसात सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल उजेडात अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला, म्हणजे प्रवाळाला देते. या शैवालाचा स्वतःचा रंग सोनेरी तपकिरी. उजेड कमी झाला की कमी उजेडात भागवण्यासाठी शैवालातील रंगद्रव्य वाढते, शैवालाची संख्याही वाढू शकते, आणि प्रवाळ तपकिरी दिसू लागते. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जास्त साठले तरी हेच होते. दुल्हेभाई माशांना दिवसातून तीनदा मूठभर खाणे घालायचे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मग हिरवा, गुलाबी, जांभळा हे रंग कुठले? ते प्रवाळाचे स्वतःचे. उथळ पाण्यात ऊन कडक असते. तिथे प्रवाळ आपल्या मांसात खास प्रथिने तयार करते आणि ती शैवालावर सावली धरतात. त्यातली काही प्रथिने निळा प्रकाश शोषून तो हिरवा किंवा लाल करून परत टाकतात. त्यामुळे निळ्या दिव्याखाली प्रवाळ आतून पेटल्यासारखे दिसते. दुकानदार पाचशेची नोट तपासायच्या दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यातले धागे चमकतात, तसाच हा प्रकार. अशा प्रथिनांचा पहिला शोध जेलीफिशमध्ये लागला. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये ते हिरवे प्रथिन वेगळे केले आणि २००८ मध्ये त्यांना आणखी दोघांसह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लाल प्रथिन १९९९ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी जाहीर केले. ते मिळाले डिस्कोसोमा नावाच्या जीवात. हौशी लोकांच्या टाक्यांत छत्रीसारखे पसरलेले दिसतात तेच हे. दुल्हेभाईंच्या टाकीतही कोपऱ्यात चार आहेत. स्वस्त म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

ही प्रथिने बनवण्याचा इशारा प्रवाळाला प्रामुख्याने निळ्या प्रकाशातून मिळतो. समुद्राचे पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच गिळून टाकते, निळा खोलवर जातो. म्हणून टाकीचे दिवे निळसर ठेवतात. पण इथेच अम्मीची ओढणी आडवी येते. नुसत्या निळ्या दिव्याखाली जे चमकते ते भडक दिसते आणि जे चमकत नाही ते काळवंडते. दुकानात दिसलेल्या रंगातला किती प्रवाळाचा आणि किती दिव्याचा, हे पांढरा दिवा लावल्याशिवाय कळत नाही. दुल्हेभाईंनी तो लावायला सांगितला नव्हता.

मग आम्ही एका शेजाऱ्याकडून प्रकाश मोजायचे यंत्र आणले. दर सेकंदाला एक चौरस मीटरवर शैवालाच्या उपयोगाचा किती प्रकाश पडतो, ते यात मायक्रोमोलमध्ये दिसते. भर दुपारी उष्ण प्रदेशात समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. फांद्यांच्या प्रवाळांना टाकीत साधारण २०० ते ३५० देतात. दुल्हेभाईंच्या जुन्या सेटिंगवर प्रवाळाच्या जागी ९० भरले. भाच्याने केलेल्या सेटिंगवर ३८०.

म्हणजे मुलाचा अंदाज चुकीचा नव्हता, उजेड खरोखरच कमी होता. पण ९० ची सवय झालेल्या जीवाला एका दुपारीत चौपट उजेड मिळाला. इतक्या उजेडात शैवालाचे काम बिघडते, त्यातून घातक स्वरूपाचा प्राणवायू तयार होतो आणि प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकते. उरते पारदर्शक मांस आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. समुद्र तापला तरी असेच होते. २०१७ च्या उन्हाळ्यात अबू धाबीच्याच समुद्रात प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते.

एका फांदीच्या कडेला मात्र फिकट निळा रंग चमकत होता. दुल्हेभाई म्हणाले, ही फांदी बरी झाली. तसे नव्हते. शैवाल गेल्यावर पांढऱ्या सांगाड्यावरून उजेड आतल्या आत उसळतो, आणि प्रवाळ घाईने जास्त रंग बनवून स्वतःला झाकू पाहते. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे मांडले. या सावलीमुळे शैवालाला परत येणे सोपे जाते, असे त्यांचे म्हणणे. सर्वांत सुंदर दिसणारी ती फांदी संकटात होती, पण जिवंत होती.

रात्री दिवा बंद झाल्यावर भाच्याने लहान टॉर्च आणि भिंग घेतले. फांदीवर बारीक हात बाहेर आलेले दिसले. "मामू, जिंदा है!" तो इतक्या जोरात ओरडला की दुल्हेभाई उठून आले. दोघे टाकीसमोर पाट टाकून बसले, आणि आम्ही आपाबरोबर स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. बुंध्याकडे मात्र सांगाड्यावर हिरवी बुरशीसारखी साय धरली होती. तेवढा भाग गेला होता.

मग दिवा ९० च्या जवळ आणला, वेळ आठ तास केली, पाणी २५ अंशांवर ठेवले आणि माशांचे खाणे दिवसातून एकदा, चिमूटभर. प्रवाळाला जागचे हलवायचे नाही.

आपाने मध्येच नानीची अंगठी काढून विचारले, मग हे पोवळे कसे विटले नाही? त्याची जातच वेगळी. दागिन्यांचे लाल पोवळे भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढते. त्याच्यात शैवाल नसते, आणि रंग मांसात नव्हे, सांगाड्यातच असतो. दिव्याचे त्याला देणेघेणे नाही. उर्दूत त्याला मूंगा किंवा मरजान म्हणतात. सूरह रहमानमध्ये मरजानचा उल्लेख आहे, जरी काही मुफस्सिरांनी त्याचा अर्थ बारीक मोती असा घेतला असला तरी.

आपल्याकडच्या वाचकांना एक सांगायला हवे. हे वाचून कोणी मालवणहून प्रवाळ आणून टाकीत लावायच्या फंदात पडू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी प्रवाळांचा समावेश आहे. वाघाचे कातडे बाळगण्यासारखाच हा गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही जिथला तिथे असू द्यावा. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहे, हे तर किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये काही वसाहती हलवाव्या लागल्या तेव्हा अनेकांना कळले. अबू धाबीतही समुद्रातून काढून आणायला बंदी आहे. बाजारात येते ते परवान्याने आणलेले, पुष्कळदा शेतीसारखे वाढवलेले.

गेल्या आठवड्यात भाच्याने व्हिडिओ कॉल केला. पांढरा दिवा लावला होता, न सांगता. मधल्या दोन फांद्यांवर कोऱ्या चहासारखा फिकट तपकिरी रंग धरला होता. मागून दुल्हेभाई म्हणाले, "पाहिलेत? तपकिरी झाले!" आपा हसून म्हणाली, याच रंगावरून घरात महिनाभर अबोला होता.

आता यंत्र १०५ दाखवते. दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत दोनशेपर्यंत जायचे, असे दोघांनी वहीत लिहून ठेवले आहे. दिव्याच्या ॲपचा पासवर्ड मात्र दुल्हेभाईंनी मुलाला अजून दिलेला नाही.