उपग्रहाच्या नजरेची परीक्षा

कुंभकोणमजवळचे तिरुभुवनम् हे रेशमी साड्यांचे गाव. तिथल्या साडीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. व्यंकोजीराजांच्या तंजावूरचाच हा मुलूख. सभोवती कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेती. रेशमी साडी घेताना जाणती गृहिणी ती दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहते. दिव्याखाली रंग फसवतो, हे तिला ठाऊक असते. या गावाभोवतीची भातशेती आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाचीही रंगाबाबत अशीच फसगत होऊ शकते.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या प्रमाणावरून पिकाची तब्येत कळते. पण उड्डाणाच्या वेळचे हादरे, अंतराळातील किरणोत्सर्ग आणि भिंगांवर साचणारा सूक्ष्म थर यांमुळे कॅमेऱ्याची नजर हळूहळू मंदावते. मग यंदा भात फिके दिसले, तर पीक खरेच वाळले की कॅमेराच अधू झाला?

भारताचा रिसोर्ससॅट-२ हा उपग्रह २०११ साली सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत गेला. एवढ्या उंचीवरचा कॅमेरा दुरुस्तीला खाली आणणार कसा? म्हणून त्याची पडताळणी तो फिरत असतानाच करावी लागते. तिला अंशशोधन म्हणतात.

त्याच्या युक्त्या मोठ्या मजेदार आहेत. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहात कॅमेऱ्याच्या तपासणीसाठी बारीक दिवेच बसवले होते. पण दिवाही कालांतराने मंद होतो! काही परदेशी उपग्रह चंद्राकडे पाहतात. चंद्रावर ना हवा, ना पाऊस, ना झाडेझुडपे; त्यामुळे त्याचा पृष्ठभाग वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो. त्याच्या कलांचा हिशेब केला, की तो उत्तम कसोटी ठरतो.

आपल्या शास्त्रज्ञांची एक कसोटी मात्र जमिनीवरच, गुजरातेत आहे. कच्छच्या छोट्या रणात पावसाळ्यानंतर पाणी आटले, की दूरवर सपाट, उजळ जमीन उरते. उपग्रह डोक्यावरून जाणार त्या दिवशी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे शास्त्रज्ञ उपकरणे घेऊन तिथे जातात. जमीन किती प्रकाश परत फेकते, हवेत धूळ आणि बाष्प किती, हे सारे ते मोजतात. त्यावरून उपग्रहाला किती प्रकाश दिसायला हवा, याचे गणित मांडतात आणि प्रत्यक्षात त्याने किती नोंदवला, हे ताडून पाहतात. जो फरक निघेल, तो पुढच्या चित्रांच्या हिशेबात दुरुस्त करता येतो.

हा केवळ शास्त्रज्ञांचा काटेकोरपणा नव्हे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळविषयक नियमावलीत उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई हाही एक निकष आहे. त्यासाठी यंदाची हिरवाई मागील वर्षांच्या हिरवाईशी ताडून पाहतात. मोजणाऱ्या कॅमेऱ्यातच फरक पडला असेल, तर मराठवाड्यातला होरपळलेला तालुका कागदावर हिरवा दिसायचा, किंवा कावेरीकाठचे डोलणारे भात सुकलेले ठरायचे. बाजारातल्या तराजूची ठरावीक मुदतीने सरकारी तपासणी होते, ती गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून. शेतकऱ्याच्या पिकाचे माप घेणारा तराजू आकाशात असला, तरी त्याला हाच नियम हवा.