लहरी कोणाच्या?



मोबाइल आणि वायफाय दोन्ही रेडिओलहरींवरच चालतात. फरक हक्काचा आहे. मोबाइल कंपन्या लिलावात लहरींचे पट्टे घेतात. तेथे इतरांना मज्जाव. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र २००५ पासून, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, परवान्याशिवाय सर्वांना खुला आहे. तेथील रीत साधी: यंत्राने आधी ऐकायचे, दुसरे कोणी बोलत नसेल तरच बोलायचे. पुढे ५ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात मोबाइलचे फोरजी उतरले, तेव्हा ‘एलएए’ या जागतिक मानकाने त्यालाही हीच रीत लावली. सार्वजनिक जागी थोरामोठ्यांनाही पाळी चुकत नाही!

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. मग शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आमच्या मुली रेंज शोधत गच्चीवर का जातात?

आम्ही सुचवतो, विहाराच्या वाचनालयात वायफाय बसवावे. सोय असलेल्या फोनवर त्यावरूनच साधा कॉलही लागतो. लहरी फुकट आहेत. जोडणीचे बिल मात्र वर्गणीतून भरावे लागेल. त्याचा हिशेब दरमहा फलकावर लावावा.