वीज बनवणारं घर दोंडाईचात कोण घेईल?

शिंदखेडा तालुक्याने विजेची किंमत पाहिली आहे. विखरण-मेथीत आधी औष्णिक, मग सौर प्रकल्पासाठी जमीन गेली. मोबदल्यासाठी झगडणारे विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांचा २०१८ मध्ये मृत्यू झाला. छतावरच्या विजेला मात्र गुंठाभरही जमीन लागत नाही. मग दोंडाईचात सोलर वसाहत झाली, तर ग्राहक येतील?

येतील, पण पर्यावरणापेक्षा बिलासाठी. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट छत लागतं. दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. खानदेशात उन्हाला तोटा नाहीच.

अडतं ते छताच्या हक्कावर. प्लॉटवरच्या स्वतंत्र घरात तो मालकाचाच. फ्लॅटमध्ये गच्ची सगळ्यांची. सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, तेही पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी. मेंटेनन्स कमी होतो, घरातल्या कूलरचं बिल तेवढंच. त्यामुळे ‘झिरो बिल’ची जाहिरात दिसली की कोणाचं बिल, हे बिल्डरला आधी विचारावं.

आणखी एक: बॅटरी नसलेलं, ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं. बॅटरीचा खर्च वेगळा.