घरावरची नोटीस आणि वकिलाचा शोध

बदलापूरच्या पूर्वेकडील खरवईसारख्या गावांभोवती आज इमारती उभ्या आहेत. नोकरी मुंबईत आणि घर बदलापुरात, हे तेथील अनेक कुटुंबांचे गणित लोकलच्या पासावर आणि बँकेच्या कर्जावर बेतलेले असते. नोकरी सुटली अथवा घरात मोठे दुखणे आले की ते कोलमडते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते आणि ‘सरफेसी’ या नावाने परिचित असलेल्या २००२ च्या कायद्याखालील नोटीस दारात येते.

दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता तारण घराचा ताबा घेऊन ते विकण्याचा अधिकार या कायद्याने बँकांना दिला. थकलेला पैसा अखेर ठेवीदारांचा असतो. तो वसूल होऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कायद्याने कर्जदारालाही काही दारे उघडी ठेवली आहेत. नोटिशीनंतर ६० दिवसांची मुदत असते. त्या काळात लेखी हरकत घेतल्यास बँकेला १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तेथे येण्यापूर्वी रकमेचा पाऊण हिस्सा भरण्याची जाचक अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात रद्द केली. मात्र २०१६ च्या दुरुस्तीनंतर, सारे देणे फेडून घर सोडविण्याचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीच बजावावा लागतो.

म्हणजे येथे दिवसांना मोल आहे, आणि नेमके तेच दिवस लाजेत व धावपळीत निघून जातात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. त्यामुळे ‘लिलाव थांबवून देतो’ असे सांगत जो स्वतःहून दारी येतो, तो बहुधा दलाल असतो. वकील शोधताना त्याची सनद पाहावी, न्यायाधिकरणापुढील कामाचा अनुभव विचारावा, फी आधी ठरवून पावती घ्यावी. कर्जाचा करार, खातेउतारा आणि तारखेच्या शिक्क्यासह नोटिशीचे पाकीट जवळ ठेवावे. यशाची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. जाणता वकील प्रथम बँकेशी तडजोड होते का, हेच पाहील.

फी परवडत नसेल तर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि न्यायाधिकरणापुढील कामही त्यात येते. कर्जावर पतीबरोबर जिची सही आहे, ती गृहिणीही यासाठी स्वतः अर्ज करू शकते. पण हे किती घरांना ठाऊक असते?

म्हणून एक साधी सुधारणा व्हावी. प्रत्येक नोटिशीबरोबर सोप्या मराठीत एक कागद जोडणे सक्तीचे करावे. त्यावर कर्जदाराच्या मुदती, त्याचे हक्क आणि ठाण्यासारख्या त्या त्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता असावा. १९७६ मध्ये राज्यघटनेत अनुच्छेद ३९ अ घालून मोफत कायदेविषयक साहाय्याचे वचन देण्यात आले. ते वचन घराला कुलूप लागण्यापूर्वी पोहोचले, तरच त्याला अर्थ आहे.